टेस्कींच्या जागेत

शर्वाणीला आठवा महिना लागला आणि हेझलबाईंनी तिला बादल्या उचलायला बंदी केली. बादल्या त्यांच्याच, कोंबड्यांच्या दाण्याच्या. बाईंचं वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी तेवढेच पाय मोकळे होतात म्हणून शर्वाणी ते काम अंगावर घेऊन बसली होती. "आता पुरे," हेझलबाई म्हणाल्या. "माझ्या कोंबड्या उपाशी मरत नाहीत."

लिमरिकच्या पश्चिमेला राथकेल नावाचं गाव आहे. त्याच्याही पलीकडे, शेतांच्या मधोमध ही दोन घरं होती. जुन्या दगडी घरात हेझल टेस्की एकट्या राहायच्या. समोरची बंगली त्यांच्या धाकट्या भावाने बांधलेली. तो गेल्यावर ती रिकामीच होती, ती आशिष आणि शर्वाणीने भाड्याने घेतली. आशिष नागपूरला एमबीबीएस झालेला, आयर्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत काम करणारा डॉक्टर. अशा डॉक्टरांचं बिऱ्हाड इथे कायम पाठीवर असतं. सहा महिने या गावात, सहा महिने त्या. शर्वाणी पुण्याची. डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ती डब्लिनमध्ये सँट्रीच्या फ्लॅटवर आणि तो कुठल्या तरी हॉस्पिटलच्या डॉक्टर क्वार्टरमध्ये, अशीच गेली. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तेव्हा ती सगळं गुंडाळून त्याच्यामागे राथकेलला आली.

आयर्लंडमध्ये कायमचं राहायचं असं दोघांच्याही मनात नव्हतं. इथे बाहेरच्या डॉक्टरला पुढच्या शिक्षणाची जागा मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ. म्हणून आशिषने अमेरिकेच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि त्या हिवाळ्यात वर ब्लेझर आणि खाली पायजमा अशा अवतारात तो लॅपटॉपसमोर बसून मुलाखती देत होता. शर्वाणी दाराआडून त्याला पायजम्याकडे बोट दाखवून हसवायची. मुलगी होणार हे कळलं होतं. नाव ठरलं होतं, रेवा. रेवा अमेरिकेत शाळेत जाईल, असं दोघं बोलायचे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी रेवा लाथा मारायची थांबली.

पहिल्यांदा शर्वाणीने गार पाणी पिऊन पाहिलं, मग डाव्या कुशीवर झोपून पाहिलं, मग काहीतरी गोड खाल्लं. मग आशिषला हाक मारली. आशिषने तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "चल," एवढंच म्हणाला.

आशिषच्याच हॉस्पिटलमध्ये एका छोट्या खोलीत बाईडॉक्टर स्कॅन करत होती. आशिषला तो पडदा वाचता येत होता. शर्वाणीने पडद्याकडे पाहिलंच नाही, तिने आशिषच्या तोंडाकडे पाहिलं, आणि डॉक्टरने तोंड उघडायच्या आधी तिला कळलं.

कुणाची चूक नव्हती. नंतर सगळ्या तपासण्या झाल्या, आणि त्यांतून एवढंच निघालं की कधीकधी असं होतं. ते ऐकून आशिषने मान डोलावली, कारण हे वाक्य त्यानेही लोकांना पुष्कळदा ऐकवलं होतं.

रेवाला जन्म मात्र द्यावाच लागला. सगळ्या कळा सोसून, रविवारी सकाळी. नर्सने तिला पुसून, विणलेली पांढरी टोपी घालून शर्वाणीच्या हातात दिलं. भरपूर जावळ होतं. नखं आली होती. नर्स हळूच म्हणाली, "पुष्कळजण एका रात्रीसाठी बाळाला घरी नेतात. तुम्हीही न्या."

"आपल्यात असं करत नाहीत," आशिष मराठीत म्हणाला.

"मग आपल्यात काय करतात, सांग ना."

आशिष कॉरिडॉरमध्ये गेला आणि त्याने नागपूरला वडिलांना फोन लावला. दिलीपराव रिटायर्ड पोस्टमास्तर. एरवी फोनवर खणखणीत बोलणारा माणूस, त्या दिवशी अगदी हळू बोलला. "लेकराले जाळत नाही रे बाप्पा," ते म्हणाले. "मातीत देतात. खाली मीठ टाकजो जरासं. अन् सुनेले जपजो."

त्यांनी रेवाला घरी आणलं.

संध्याकाळी हेझलबाई आल्या. त्यांनी काळा कोट घातला होता. खोलीत थंडी होती, कारण बाळासाठी हीटर बंद ठेवायला हॉस्पिटलने सांगितलं होतं. बाई खुर्ची ओढून पाळण्याशेजारी बसल्या आणि त्यांनी रेवाकडे नीट पाहिलं. त्या दिवसभरात तसं कुणीही पाहिलं नव्हतं. हॉस्पिटलमधली माणसं शर्वाणीकडे बघत होती, व्हिडिओ कॉलवर आईने डोळ्यांना पदर लावला होता, आशिषची नजर भिंतीवर.

"कपाळ बापाचं आहे," हेझलबाई म्हणाल्या. "हनुवटी तुझी. देखणी आहे पोर."

शर्वाणी तेव्हा पहिल्यांदा रडली.

बाई अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. उठताना त्यांनी आशिषला विचारलं, कुठे ठेवणार तिला? आशिष म्हणाला, हॉस्पिटल जागा देतं, तिथे. बाई दारात थांबल्या. "गावाबाहेरच्या चर्चमागे टेस्कींची जागा आहे," त्या म्हणाल्या. "इथे आता टेस्की म्हणून मी एकटीच राहिले. भिंतीकडेचा कोपरा मोकळा आहे. मला एवढी जागा काय करायची? पाद्रीबाबांना मी सांगते. ते काही प्रार्थनाबिर्थना म्हणायला येणार नाहीत, तुम्हाला नको असेल तर."

दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता. खड्डा खणायला माणूस आला होता, पण आशिषने त्याच्या हातातून फावडं घेतलं. त्या मातीत दगड फार. माणूस दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे सरला. मिठाचं आशिषने कसंबसं हेझलबाईंना सांगितलं होतं, आपलं काहीतरी मागासलेलं सांगतोय अशा ओशाळ्या आवाजात. बाईंनी कशासाठी म्हणून विचारलं नाही. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून गोठ्यात जाड्या मिठाचं पोतं असतं, त्यातलं बादलीभर घेऊन त्या आल्या. शर्वाणीने ते हाताने खाली पसरलं. मग रेवाला टोपीसकट, शर्वाणीच्या आईने पाठवलेल्या दुपट्यात गुंडाळून, तिथे ठेवलं. आजूबाजूच्या सगळ्या दगडांवर टेस्की, टेस्की, टेस्की लिहिलेलं.

शर्वाणीची आई चित्राताई बाळंतपणाचंच तिकीट अलीकडे ओढून आल्या. त्यांनी महिनाभर वरणभात केला, लेकीच्या पाठीला तेल लावलं, तिचं दूध आटेपर्यंत तिच्याजवळ झोपल्या. जाताना म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर पुण्याला." शर्वाणी नाही म्हणाली. तिने कारण सांगितलं नाही, पण रोज सकाळी ती चालत चर्चकडे जाते हे आईने पाहिलं होतं. कोंबड्यांना दाणे घातले की रस्त्याने सरळ, पूल ओलांडून. तिथे करण्यासारखं काही नसायचं. ती भिंतीवर बसायची, कधी गवत उपटायची, आणि कामाच्या वेळेला परत यायची.

आई गेली त्याच आठवड्यात अमेरिकेचा निकाल लागला.

आशिष संध्याकाळी घरी आला तो बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. शर्वाणी भाजी चिरत होती.

"मिळालं," तो म्हणाला.

"काय?"

"रेसिडेन्सी. नॉर्थ डकोटा. फॅमिली मेडिसिन. एक जुलैला जॉईन व्हायचंय."

ती पार विसरून गेली होती. त्या मुलाखती, तो ब्लेझर, सगळं कुणा दुसऱ्याच जोडप्याच्या घरात घडलं होतं असं तिला वाटलं. तिने सुरी खाली ठेवली. "कळव त्यांना, नाही जमणार म्हणून."

"नाही जमणार? अगं, लोक चार चार वर्षं वाट बघतात! एकदा नाही म्हटलं की दार बंद."

"मग होऊ दे बंद."

"आणि इथे काय करू? जुलैमध्ये हे काँट्रॅक्ट संपतंय. मग स्लायगो, मग कुठे तरी ट्रॅली, मग अजून कुठे. जन्मभर रात्रपाळीचा डॉक्टर राहू?"

"मी तिला सोडून येणार नाही."

आशिष खुर्चीत बसला. त्याने बुटाची नाडी सोडली. मग म्हणाला, "ती तिथे नाहीये, शर्वाणी."

"आहे. तूच ठेवलंयस तिला."

"मी रोज त्याच हॉस्पिटलच्या दारातून आत जातो," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "लिफ्टमध्ये बायका पोटावर हात ठेवून उभ्या असतात. तिसरा मजला आला की दार उघडतं, त्या उतरतात, आणि मला समोर तो कॉरिडॉर दिसतो. मग दार बंद होतं आणि मी वर जाऊन पेशंट बघतो. तू तिच्याजवळ जाऊन बसतेस, तुला बरं वाटतं. मला या गावात श्वास घेता येत नाही. मी इथे राहिलो तर मरेन गं."

"मला बरं वाटतं असं तुला कुणी सांगितलं?"

त्या दिवशी भाजी तशीच राहिली. पुढचे कित्येक दिवस ते दोघं एकमेकांशी अगदी जपून, परक्यासारखं बोलत होते. चहा हवा का, गाडी नेतोयस का, पाऊस येईल. भांडण परवडलं असतं.

एप्रिलमधली गोष्ट. शर्वाणी अंडी द्यायला हेझलबाईंच्या स्वयंपाकघरात गेली होती. बाईंनी चहा ओतला, प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, केकचा डबा काढला. शेगडीची ऊब होती. बोलता बोलता शर्वाणीने विचारलं, "तुमचं टेस्की हे नाव आयरिश नाही ना?"

"छे! जर्मन. तीनशे वर्षं झाली इथे येऊन, तरी गावातले लोक आमच्याबद्दल बोलताना अजून जर्मनच म्हणतात." बाईंनी बशीत चहा सांडला होता तो पुसला. "ऱ्हाईन नदीकाठचे आम्ही. द्राक्षं लावायचो. लढाया होऊन होऊन गाव उजाड झालेलं, त्यात एक हिवाळा असा आला की उडती पाखरं गोठून खाली पडली आणि वेली मुळापासून मेल्या. कुणीतरी उठवलं की इंग्लंडची राणी अमेरिकेत फुकट जमीन देते. झालं, हजारो माणसं नदीतून निघाली. लंडनला पोचली तर तिथे कोण विचारतंय! माळावर तंबूत ठेवलं सगळ्यांना. मग वाटण्या केल्या. काहींना इथे आयर्लंडला धाडलं, काहींना जहाजात घालून न्यूयॉर्कला. आमच्यात दोन भाऊ होते. थोरला इथे आला, त्याची मी. धाकटा अमेरिकेला गेला."

"त्यांचं बरं झालं असेल."

"बरं?" बाई हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "जहाजात तापाची साथ, पोरं पटापट गेली. तिथे पोचल्यावर जमीन नाहीच. नदीकाठी जंगलात छावण्या केल्या आणि पाईनच्या झाडांपासून डांबर काढायला जुंपलं. गोऱ्यांची वस्ती तिथे संपायची. पुढे सगळं रान, आणि ज्यांचं ते रान होतं ती माणसं. डांबर काही निघालं नाही, मग सरकारने शिधाही तोडला. तेव्हा ते लोक म्हणाले, आता पुढे आत खोऱ्यात जाऊन आपणच जमीन फोडू. भर बर्फात सामान ओढत निघाले."

शर्वाणीचा चहा गार होत होता. "कुणी मागे राहिलं का हो?" तिने विचारलं. "तुमच्यातलं?"

हेझलबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी केकच्या डब्याचं झाकण लावलं.

"राहिली ना. धाकट्याची बायको. आना कातरीना. तिचं तान्हं त्या छावणीत गेलं होतं, नदीकाठी पुरलेलं. ती म्हणाली, मी येत नाही. नवऱ्याने हातापाया पडून पाहिलं. मोठी दोन पोरं होती, त्यांना घेऊन तो शेवटी बाकीच्यांबरोबर गेला. तिकडच्या आमच्या नात्यातला एकजण ओहायोहून आला होता आमची थडगी बघायला, माझ्या तरुणपणी. त्याच्या घरात ही गोष्ट सांगत आलेत. आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हती."

"मग तिचं काय झालं?"

"बर्फ वितळल्यावर तो तिला न्यायला परत आला, तेव्हा झोपडीत सापडली. हिवाळ्यातच गेली असावी."

शर्वाणी उठून उभी राहिली. "मला का सांगितलंत हे?"

"तू विचारलंस म्हणून." बाईंनी तिचा हात धरला. त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता. "बस. मी त्या नवऱ्याला दोष देत नाही. तिलाही देत नाही. पण मला नेहमी वाटतं, त्या छावणीत एखादी म्हातारी असायला हवी होती, तिला म्हणायला, की तू जा बाई, मी आहे ना इथे, मी बघते तुझ्या लेकराकडे. तसं म्हणायला कुणी नव्हतं. म्हणून मी तुला म्हणते आहे. तू जा आशिषबरोबर. मी रोज जाईन तिच्याकडे."

शर्वाणीने त्यांच्याकडे पाहिलं. सुजलेले गुडघे, खुर्चीला अडकवलेली काठी. रोज म्हणजे किती दिवस? बाईंनी मनापासून म्हटलं होतं, आणि त्या मनापासून म्हणण्यानेच शर्वाणीचा निश्चय झाला. तिने राहायचं ठरवलं.

जूनमध्ये आशिष शॅननच्या विमानतळावरून गेला. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथे आयर्लंडच्या जमिनीवरच उरकतात. त्या दारातून आत गेलं की माणूस अमेरिकेत गेला असं धरतात. दाराच्या अलीकडे दोघं उभे राहिले.

"तुझा व्हिसा तयार आहे," आशिष म्हणाला. "तुला वाटेल तेव्हा ये. उद्या वाटलं तर उद्या."

"हो."

"मी पळून चाललोय असं वाटतं का तुला?"

शर्वाणीला तसं वाटत होतं. शिवाय, त्या दारातून त्याच्यामागे जावं, असंही वाटत होतं. "नीट जेवत जा," ती म्हणाली.

सुरुवातीला तो रोज फोन करायचा. नॉर्थ डकोटातलं ते गाव म्हणजे एक रस्ता, धान्याच्या कोठारांचे उंच मनोरे आणि चहूकडे सपाट जमीन. "हेझलबाईंना सांग, इथे सगळे जर्मनच आहेत," तो म्हणाला. "दुकानांच्या पाट्या बघ हव्या तर. यांचे पणजोबा आले तेव्हा घर बांधायला झाड नव्हतं, गवताची ढेकळं रचून राहिले. माझा एक नव्वदीचा पेशंट आहे. तो सांगत होता, त्याच्या आजीने दोन पोरं शेताच्या बांधाला पुरली होती. पुढे जमीन विकली, नव्या मालकाने नांगर घातला. आता जागा कुणाला दाखवता येत नाही." मग त्याच्या लक्षात आलं आपण काय बोलतोय. शर्वाणी म्हणाली, इथे आज ऊन पडलंय. पुढे फोन आठवड्याने यायला लागले. भांडण कधीच झालं नाही. बोलायला रेवा सोडून काही उरलं नव्हतं, आणि रेवाचं नाव दोघंही काढत नव्हते.

नोव्हेंबरात हेझलबाई कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडल्या. शर्वाणीनेच त्यांना पाहिलं. तोंड वाकडं झालेलं, एक डोळा उघडा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसली. बाई काहीतरी म्हणत होत्या, पण शब्द कळत नव्हता. हॉस्पिटलात चार दिवस काढून त्या गेल्या. कॅनडाहून त्यांचा पुतण्या आला, उंच आणि अतिशय सभ्य. टेस्कींच्या जागेत बाईंना त्यांच्या भावाशेजारी ठेवलं. परतताना पुतण्याने शर्वाणीला विचारलं, "तो कोपऱ्यातला लहान चौथरा कुणाचा?"

"माझ्या मुलीचा."

"असं होय," तो म्हणाला, आणि त्याने टोपी काढली. "माफ करा, मला माहीत नव्हतं."

त्याने घाई केली नाही. उन्हाळ्यापर्यंत राहा म्हणाला. पण शेत विकायचं होतं, आणि ते विकलं गेलं. कोंबड्या शेजारच्या गावातलं कुणीतरी घेऊन गेलं. त्याच सुमारास शर्वाणीच्या कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. राथकेलमध्ये दुसरं घर मिळेना. मिळालं असतं तरी तिथून रोज डब्लिनला जाणं शक्य नव्हतं. शेवटी डब्लिनजवळ स्वोर्ड्सला एका घरात तिला खोली मिळाली. सामान गाडीत भरल्यावर ती चर्चमागे गेली आणि भिंतीवर बसली. पहिल्या वर्षश्राद्धाला, फेब्रुवारीत, ती तिथेच बसली होती, एकटी, भर पावसात, दिवा पेटेना म्हणून नुसतीच. तेव्हा तिला वाटलं होतं, याच्याहून वाईट काही नाही.

सुरुवातीला ती दर रविवारी जायची. स्वोर्ड्सहून डब्लिन, डब्लिनहून लिमरिक, तिथून राथकेलची बस, पुढे चालत. दिवस त्यातच संपायचा. मग दर रविवारचं महिन्यातून एकदा झालं. ऑक्टोबरात गेली तेव्हा गवत वाढलं होतं, पानं पडली होती. ती उभी राहिली. रेवाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. टोपी आठवली, जावळ आठवलं, चेहरा येईना. फोनमध्ये फोटो होता, तो काढून पाहायची हिंमत झाली नाही. आणि तशा उभ्या उभ्या तिच्या मनात आलं, साडेतीनची बस चुकली तर उद्याच्या मीटिंगची तयारी राहील. ती स्वतःलाच घाबरली. गवत न उपटता परत फिरली.

त्यानंतर ती गेली नाही. थंडी फार आहे, बस वेळेवर नसते, डिसेंबरात जाऊ, नाताळ होऊ दे. ऑफिसात कामाला ऊत आला होता. शर्वाणी चांगलं काम करत होती. सगळे म्हणत होते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्यांचं मोठं काम पुरं झालं. दुपारी टीममधल्या सगळ्यांनी कॅनालकाठी बसून पिझ्झा खाल्ला. ऊन पडलं होतं. बर्‍याच दिवसांनी पडलेलं, म्हणून लोक कोट काढून बसले होते. स्वरांगी नावाची तिची सहकारी मॅनेजरची नक्कल करत होती, आणि शर्वाणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. संध्याकाळी स्वोर्ड्सच्या बसमध्ये बसल्यावर तिने पर्समधून फोन काढला. आशिषचे कॉल येऊन गेले होते. एक नाही, पुष्कळ. त्याचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून ती नंबर लावणार, तेवढ्यात पुन्हा त्याचाच फोन आला.

"किती वेळ फोन लावतोय," आशिष म्हणाला. "मग म्हटलं, तिथे रेंज नसेल. गेली होतीस ना आज?"

"कुठे?" असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत तिला आजची तारीख आठवली. रेवाला आज दोन वर्षं झाली होती.

बस विमानतळाच्या रस्त्याला लागली होती. समोरच्या सीटवरची बाई बाळाला मांडीवर घेऊन खिडकीबाहेरची विमानं दाखवत होती.

"हो," शर्वाणी म्हणाली.

"कसं होतं गं?"

"पाऊस होता. बारीक."

"गवत काढलंस?"

"हो. भिंतीच्या कडेला स्नोड्रॉप्स फुललेत. पांढरे. खूप आलेत यंदा."

मग तिला कळलं, तो रडतो आहे. तिथे दुपार असणार. तो हॉस्पिटलच्या एखाद्या बंद खोलीत, पांढऱ्या कोटात, तोंडावर हात धरून बसला असणार.

"मी आज सुट्टी मागितली होती," तो म्हणाला. "नाही मिळाली. सकाळी पेशंटसमोरच बांध फुटला. त्या म्हातारबाबानेच मला पाणी दिलं." त्याने नाक ओढलं. "शर्वाणी, तू तिथे राहिलीस त्याचा मला तेव्हा फार राग आला होता. पण आता रोज झोपताना मी स्वतःला तेच सांगतो. म्हणतो, शर्वाणी आहे तिच्याजवळ. मग झोप लागते."

शर्वाणीने फोन कानाशी घट्ट धरला. खरं काय ते आत्ता, या क्षणी सांगायला हवं होतं. नंतर ते कधीच सांगता येणार नव्हतं.

"ऐकतेयस ना?"

"हं."

"पुढच्या खेपेला माझ्या नावाने एक फूल ठेवशील?"

"ठेवीन."

फोन बंद झाला. शर्वाणीने लिमरिकच्या बसची वेळ काढून पाहिली. आज पोचता येईल अशी एकही उरली नव्हती. स्वोर्ड्स आलं, तिचा थांबा आला आणि मागे गेला. बाळवाली बाई केव्हाच उतरली होती. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आरशात पाहिलं, मग उठून मागे आला.

"बाई, ही इथेच थांबते. तुम्हाला कुठे जायचं होतं?"

शर्वाणीने त्याच्याकडे पाहिलं. तिला उत्तर आठवेना. तो समोरच्या सीटवर टेकला आणि म्हणाला, परत जाताना सोडतो, सावकाश सांगा.